एका अभ्यासिकेतल्या २४ पायपट्ट्या: सागवान, ऐन की बाभूळ?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाचनालयाची अभ्यासिका आहे. खिडकीच्या कडेने १०५ सेंमी उंचीचा लांब कट्टा आणि त्यापुढे २४ उंच स्टुलं. स्टुलं बाजारातून तयार घेतलेली, रबरवुडची, बैठक जमिनीपासून ७५ सेंमीवर. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली सकाळी येतात ती रात्री दिवे बंद होईपर्यंत असतात. चपला दाराबाहेर ठेवायचा नियम, त्यामुळे स्टुलाच्या समोरच्या आडव्या पट्टीवर दिवसभर अनवाणी पाय टेकलेले असतात. दोन पावसाळ्यांत ११ स्टुलांच्या या पट्ट्या गेल्या: पाच मोडल्या, चार पायातून निखळल्या, दोन उभ्या चिरल्या. कार्यकारिणीच्या सभेत निर्णय झटकन झाला, "रबरवुड कच्चंच असतं, सागवानाच्या बसवून घ्या."

हा सल्ला निम्मा बरोबर होता. त्याच मापाची, त्याच जोडाची, त्याच उंचीवर सागाची पट्टी बसवली असती तर ती थोडी जास्त दिवस टिकली असती, इतकंच.

मोडलेल्या पट्ट्या

जुनी पट्टी ३२ मिमी रुंद आणि १८ मिमी जाड. आडवी, म्हणजे रुंद बाजू वर ठेवून बसवलेली. पायाला आराम वाटावा म्हणून कारखानदार अशी झोपवतात, पण वजन पेलायला ही सगळ्यात वाईट मांडणी आहे. दोन पायांमधलं मोकळं अंतर ३४० मिमी. स्टुलावर चढताना माणूस याच पट्टीवर एक पाय ठेवून सगळं वजन टाकतो. ८० किलोचा माणूस धरला आणि झटक्यासाठी दुप्पट घेतलं तर मधोमध साधारण १६०० न्यूटन भार येतो. या मापाच्या झोपवलेल्या पट्टीत तेवढ्या भाराने सुमारे ७९ मेगापास्कल (दर चौरस मिमीवर ७९ न्यूटन) ताण तयार होतो. रबरवुडची वाकताना मोडायची ताकद ७२ च्या आसपास, आंब्याची ८८, सागवानाची ९७. हे आकडे निर्दोष, वाळलेल्या छोट्या नमुन्यांचे आहेत. गाठ, तिरकी रेषा (रेषा म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा) किंवा सांधा आला की ते झपाट्याने घसरतात. म्हणजे सागाची पट्टी बसवली असती तरी ती काठावरच उभी राहिली असती.

मोडलेल्या पाचपैकी तीन पट्ट्या फिंगर जॉइंटवर तुटल्या होत्या. रबराची झाडं चीक आटल्यावर तोडतात. त्यांतून छोटे तुकडे निघतात आणि ते दातेरी टोकांनी जोडून (हाच फिंगर जॉइंट) लांब फळ्या करतात. टेबलाच्या वरच्या भागाला हे चालतं. पायपट्टीत असा सांधा मधल्या तिसऱ्या भागात आला की तिथेच मोड ठरलेला. पॉलिशखाली हे दाते सहज दिसत नाहीत. पट्टी उजेडात तिरकी धरून खालून पाहिलं तर करवतीसारखी बारीक रेघ दिसते. उरलेल्या दोन पट्ट्यांत लाकडाची रेषा कडेतून बाहेर पडलेली होती. रेषा दहास एक इतकी तिरपी असली तरी ताकद साधारण ८१ टक्क्यांवर येते, पाचास एक असली तर ५५ वर. तिरक्या रेषेची मोड ओळखायला सोपी असते: तुकडा लांबट, चमच्यासारखा निघतो. सरळ रेषेचं लाकूड मोडलं तर झाडूच्या टोकासारखे तंतू उभे राहतात.

निखळलेल्या चारही पट्ट्यांना टोकाला फक्त ८ मिमीच्या दोन-दोन डॉवेल, म्हणजे गोल लाकडी खुंट्या, होत्या. चढताना भार नेहमी मधोमध पडत नाही. पाय कडेला पडला की पट्टी स्वतःभोवती पिळते, आणि गोल डॉवेलमध्ये गोंदाशिवाय तो पीळ धरून ठेवणारं काहीच नसतं. कोकणातल्या जुलैत हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते, तेव्हा घरातलं लाकूड साधारण १७-१८ टक्के ओलाव्यावर जातं. कोरड्या महिन्यांत ते ११-१२ वर येतं. दर वर्षी हे फुगणं-आटणं चालू. पांढरा साधा गोंद पाण्याने आणि उष्णतेने मऊ पडतो. वर फरशी रोज पुसली जाते ती वेगळीच. रबरवुड मुळात वाळवीला आणि घुणाला टिकत नाही, म्हणून त्यावर बोरॉनच्या क्षारांची प्रक्रिया करतात. ते क्षार पाण्यात विरघळणारे असल्यामुळे पायांच्या तळाकडून हळूहळू निघून जातात. दोन स्टुलांच्या पायाशी पिठासारखी भुकटी सांडलेली होती, ती याच वाटेने आलेली.

एक चूक मात्र लाकडाची नव्हतीच. पट्टी जमिनीपासून २३ सेंमीवर होती, म्हणजे बैठकीपासून ५२ सेंमी खाली. बसल्यावर मांडी सपाट राहून तळवा पूर्ण टेकायचा असेल तर हे अंतर ४२ ते ४६ सेंमी हवं. कमी उंचीच्या मुलींचे पाय तिथे पोचतच नव्हते. त्या स्टुलाच्या कडेवर पुढे सरकून बोटांच्या टोकांनी पट्टी ढकलत बसायच्या, आणि तो ढकलणारा जोर पट्टी फिरवायला पुरेसा होता.

माप आधी, लाकूड नंतर

नवी पट्टी २८ मिमी जाड आणि ४२ मिमी उंच, उभी बसवायची ठरली. वरची कड जमिनीपासून ३१ सेंमी, बैठकीपासून ४४. त्याच १६०० न्यूटन भाराला हिच्यात साडेसोळा मेगापास्कल ताण येतो, जुन्याच्या पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त. मुख्य म्हणजे झिजेला वाव मिळतो. वरून ५ मिमी झिजून खळगा पडला तरी ताण २१ पर्यंतच जातो. जुनी पट्टी १८ ची १५ झाली असती तर तो ११३ वर गेला असता, म्हणजे निर्दोष सागाच्याही पलीकडे.

हे गणित झालं की लाकडाच्या निवडीतला निम्मा ताण निघून जातो. साडेसोळा मेगापास्कलला आंबासुद्धा पुरतो. मग निवड कशावर करायची? अनवाणी पायांखाली पृष्ठभाग किती दिवस गुळगुळीत राहतो, ओलाव्यात कीड-बुरशी धरते का, आणि टोकाचा जोड किती काळ घट्ट राहतो, या तीन गोष्टींवर. कोकणात झिजेला एक खास कारण आहे: जांभ्याची लाल धूळ. चपला बाहेर काढल्या तरी ती तळव्यांना चिकटून आत येते आणि पट्टीवर पॉलिश पेपरचं काम करते.

लाकूड लागतं किती हेही आधीच बघून घ्यावं. कच्चं माप ३४ × ५० × ४३० मिमी. चार जादा धरून २८ पट्ट्यांना पाऊण घनफुटाहून थोडं कमी, करवतीची आणि नासाडीची भर घालून सव्वा घनफूट. एवढ्याशा लाकडात सागाचा आणि बाभळीचा भाव लावून वाद घालणं व्यर्थ आहे. खर्च जातो तो मजुरीत.

कोणतं लाकूड कसं वागतं

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांची तुलना करायला सागवान म्हणजे १०० अशी मोजपट्टी धरली. बाजारातही मनात तीच असते. साग हवेनुसार फार हलत नाही, वाळवी त्याला सहसा लागत नाही, रंध्याखाली चांगला येतो. पण तो फार कठीण नाही: जांका पद्धतीने (लाकडात पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो यावरून) मोजलेली त्याची कठीणता ४.७ किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे आंब्याच्या आणि रबरवुडच्या (४.८ आणि ४.३) जवळपास तेवढीच. हे ऐकून पुष्कळांचा विश्वास बसत नाही. शिवाय सागाच्या वार्षिक कड्यात सुरुवातीचं लाकूड सच्छिद्र आणि मऊ असतं. धूळ तोच भाग आधी खाते आणि पट्टीवर बारीक नाल्या पडतात, त्यांत मळ बसतो. दाराच्या चौकटीसाठी साग उत्तम. पायाखालच्या पट्टीसाठी तो मध्यम आहे. त्यातही आज वखारीत मिळणाऱ्या बारीक घेराच्या लागवडीच्या सागात सालीलगतचा पांढरा भाग बराच असतो, आणि त्या भागाला सागाचा कुठलाच गुण लागू नाही. सागाची पट्टी करायचीच असेल तर पूर्ण गाभ्यातली मागावी आणि जोडाची टोकं गोंद लावण्याआधी थिनरने पुसावीत. सागाचं तेल वर आलेलं असलं की गोंद धरत नाही.

आंबा स्वस्त आणि कोकणात कुठेही मिळतो. खोक्यांच्या फळ्या त्याच्याच. भार पेलेल, पण घुणाला आणि बुरशीला तो जणू आमंत्रणच देतो. ओला राहिला की काळे-निळे डाग पडतात. फणस त्यापेक्षा कितीतरी चांगला. ताजा कापला की पिवळाधमक, पुढे मधासारखा तपकिरी होतो, वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. मृदंगाचं खोड आणि दक्षिणेकडच्या वीणेचं पोकळ पोट फणसाचं करतात ते उगीच नाही, पोखरायला आणि घडवायला तो सोपा. पण तोच मऊपणा इथे नडतो: अंगठ्याचं नख जोरात दाबलं तर खूण उरते. घरातल्या आरामखुर्चीपुढे ठेवायच्या बुटक्या पायटेकूला फणसच घ्यावा, पाय ठेवायला इतकं सुखाचं लाकूड दुसरं नाही. रोज दहा-बारा तास वापर असलेल्या सार्वजनिक जागी नको.

शिसवी सगळ्या कसोट्यांवर पहिली येते, कठीणता सागाच्या दुपटीहून जास्त. पण शिसवीच्या सगळ्या वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून साइटीस या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे, झाडं कमी उरलीत आणि भाव तसाच. पायाखाली घालायला ती वापरणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं करण्यातला प्रकार. तिचाच उत्तरेकडचा भाऊ शिसम मात्र विचारात घेण्यासारखा आहे: ७.४ किलोन्यूटन कठीणता, पुण्या-मुंबईत सहज उपलब्ध. पुढे ज्या गावठी बाभळीबद्दल लिहिलं आहे ती जिथे मिळत नाही, तिथे शिसमच्या गाभ्याची पट्टी करावी. त्याच्या पांढऱ्या भागाला घुण हमखास लागतो, एवढं बघून घ्यावं.

खरी लढत ऐन आणि बाभूळ यांच्यात झाली.

ऐन कोकणातला. साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीची, लाकूड जड आणि कठीण. जुन्या घरांचे खांब-वासे ऐनाचे, किंजळीचे. दोन्ही एकाच कुळातली झाडं. भाराला ऐन सागाला मागे टाकतो. अडचण वाळवण्यात आहे. बाहेरून भरभर वाळतो, आतून ओला राहतो, आणि मग पृष्ठभागावर केसासारख्या चिरा पडतात. त्या चिरा ४२ मिमीच्या पट्टीत ताकदीला फारशा बाधत नाहीत. पण तळव्याखाली त्यांच्या कडा उचलतात आणि पायात शिलका (लाकडाचं बारीक कुसळ) जातो. पाडलेल्या घराच्या वाशांमधून कापून पाहिलेल्या नमुन्यांपैकी निम्मे याच कारणाने बाजूला गेले. चपला घालून वापरायच्या ठिकाणी, दुकानाच्या गल्ल्यामागे वगैरे, ऐन बेलाशक घ्यावा.

बाभूळ देशावरची, काळ्या मातीतली. बैलगाडीच्या चाकाचे तुंबे-आरे (मधला गोल ठोकळा आणि त्यात बसणारे दांडे), नांगर, कुळव, अवजारांचे दांडे यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरातली. कठीणता सागाच्या दीडपट ते दुप्पट, झाडागणिक फरक. रेषा गुंतलेली असल्यामुळे रंध्याला त्रास देते, पण त्याच कारणाने तिचे पापुद्रे सुटत नाहीत. झिजली की खडबडीत होण्याऐवजी तिला तकाकी येते. जुन्या कुऱ्हाडीचा दांडा हातात घेऊन पाहावा, मुठीची जागा शिंगासारखी गुळगुळीत लागते. पायपट्टीला नेमकं हेच हवं. ती जड आहे ही तक्रार सभेत आली. एका पट्टीमागे सागाहून जेमतेम ८० ग्रॅम वजन वाढतं.

कोकणातल्या वखारीत "बाभूळ" मागितली की बहुधा ऑस्ट्रेलियन बाभूळ पुढे येते, रस्त्यांच्या कडेला आणि पडीक माळावर लावलेली. तेही वाईट लाकूड नाही, पण कोवळ्या झाडांत ताण भरलेला असतो आणि कापताच पट्टी धनुष्यासारखी वाकते. गावठी बाभळीचा गाभा तांबूस तपकिरी, वजनाला ठोस. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ या तिसऱ्या-चौथ्या गोष्टी. नावावर जाऊ नये, तुकडा हातात घ्यावा.

लाकूड कुठून आलं

ताजी बाभूळ घेऊन ३४ मिमी जाडीला वाळवायला ढोबळ हिशेबाने वर्षभर लागलं असतं. सावलीत, मध्ये इंचाच्या पट्ट्या घालून, टोकांना मेण किंवा रंग लावून. तेवढा वेळ नव्हता. घाटावरून लाकडी चाकांच्या जुन्या बैलगाड्यांचे सुटे आरे मिळाले, तीन चाकांचे मिळून ३६. टायरच्या गाड्या आल्यापासून ही चाकं अंगणात पडून असतात. आऱ्यांचा फायदा दुहेरी: लाकूड कित्येक वर्षं वाळलेलं, आणि आऱ्याला सुताराने मुळातच सरळ रेषेचं लाकूड निवडलेलं असतं. काही भागांत आरे तिवसाचे करतात. तिवसही तितकाच चिवट, पण एकाच स्टुलाला दोन रंगांची जोडणी नको म्हणून वेगळे काढले तर बरं.

३६ पैकी आठ बाद झाले. तुंब्यात बसणारं टोक काहींचं घुणाने आतून पोखरलेलं होतं; वरून धड दिसतं, हातोडीने ठोकलं की खणखणीत आवाजाऐवजी थप्प असा येतो. काहींत तुटलेले खिळे होते. म्हणून करवतीवर नेण्याआधी प्रत्येक आऱ्यावरून चारही बाजूंनी मोठं लोहचुंबक फिरवावं. गंजलेला खिळा करवतीचं पातं तर घालवतोच, शिवाय आत राहिला तर पुढे डाग देतो: बाभळीत टॅनिन भरपूर, लोखंड आणि ओलावा मिळाला की त्याची शाईच होते.

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तरी अडत नाही. टोकापासून चार इंच आत २० मिमीचा काप काढून सोनाराच्या काट्यावर तोलावा, १०३ अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवावा, पुन्हा तोलावा. एक काप ८६ ग्रॅमचा ७६ झाला: दहा भागिले ७६, म्हणजे १३ टक्के. किनारपट्टीला १२ ते १४ योग्य. हेच लाकूड १८ टक्क्यांवर कापलं असतं तर कोरड्या महिन्यांत सगळे जोड वाजले असते.

रेषा तपासायला उरलेला तुकडा पटाशीने उभा फोडावा. फूट कडेला समांतर गेली तर ठीक. ४०० मिमी लांबीत ती २० मिमीहून जास्त सरकत असेल, म्हणजे वीसास एकपेक्षा तिरपी, तर ती पट्टी पायांसाठी नको.

जोड

पट्टी बदलायची म्हणजे समोरची चौकट सोडवावी लागते. दोन पाय घट्ट असताना दोन्ही टोकांना कुसू असलेली पट्टी मध्ये शिरणारच नाही. (पट्टीचं टोक तासून पायातल्या खाचेत बसवतात, ते कुसू.) पायांना समोरून खोबणी पाडून पट्टी वरून स्क्रूने ठोकायचा सोपा मार्ग सुचवला गेला होता. ३८ मिमीच्या पायात १० मिमी खोबणी पाडली की तिथली वाकण्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, म्हणून तो सोडला. जुना गोंद उष्णतेला मऊ पडतो, हे इथे कामाला आलं. गरम पाण्यात पिळलेलं फडकं जोडावर दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवायचं, वर इस्त्री टेकवायची आणि लाकडी मोगरीने हलके ठोके द्यायचे. १७ चौकटी अशाच सुटल्या. बाकीच्यांत डॉवेल कापून पुन्हा भोकं पाडावी लागली.

जुन्या पट्टीची भोकं लाकडी गुल्ल्या आणि गोंद घालून बुजवली. नवी पट्टी वरच्या उंचीवर असल्यामुळे खाच कोऱ्या लाकडात आली. खाच १२ मिमी रुंद, २५ मिमी खोल; पायात मागे १३ मिमी लाकूड शिल्लक राहतं. बाजूच्या पट्ट्या २० सेंमी उंचीवर आहेत. त्या समोरच्या पट्टीच्या पातळीत असत्या तर दोन खाचा पायाच्या पोटात एकमेकींना भेटल्या असत्या आणि पाय तिथेच पोकळ झाला असता. तयार स्टुलांचे पाय बहुधा याच जागी फुटतात.

आता या कामातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. कुसवाची उंची ३२ मिमी. ती उंची पट्टीच्या रेषेला आडवी आहे, म्हणून पावसाळ्यात फुगते. खाचेची उंची मात्र पायाच्या रेषेच्या दिशेने आहे, आणि लाकूड लांबीत जवळपास हलत नाही. म्हणजे जुलैत कुसू फुगतं आणि खाच त्याला जागा देत नाही. कुसवाचे तंतू दाबले जातात, कायमचे चेपतात. कोरड्या महिन्यांत लाकूड आटतं तेव्हा कुसू मूळ मापाहून लहान होतं आणि जोड हलायला लागतो. पावसाळ्यात घट्ट, कोरड्या दिवसांत सैल, अशी तक्रार येते ती इथून. उपाय दोन. कुसवाच्या वर अर्धा मिमी फट ठेवायची आणि घट्टपणा फक्त दोन गालांवर, म्हणजे कुसवाच्या दोन रुंद बाजूंवर, घ्यायचा. गोंदाची खरी पकड तिथेच असते. दुसरं, पट्टी कापताना झाडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणारी दिशा उभी ठेवायची. त्या दिशेने लाकूड कमी हलतं. सागात हिरव्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत त्या दिशेने सुमारे २.६ टक्के आणि कड्यांच्या दिशेने ५.३ टक्के आटतं, म्हणजे नुसती पट्टी फिरवून निम्मी हालचाल वाचते. इतर लाकडांत प्रमाण वेगळं, पण कल तोच.

बाभूळ दाट असल्याने तिच्यात गोंद खोल शिरत नाही. म्हणून कुसवाचे गाल त्याच दिवशी तासलेले हवेत. आठवडाभर पडून राहिलेल्या, हाताळलेल्या टोकांवर गोंद नीट धरत नाही. पाण्याला टिकणाऱ्या प्रकारचा गोंद कुसू आणि खाच दोन्हींना पातळ लावला. क्लॅम्प आवळायचे ते सांध्यातून गोंदाची बारीक माळ येईपर्यंतच. त्यापुढे आवळलं तर सगळा गोंद बाहेर येतो आणि जोड उपाशी राहतो. चौकट सपाट कडाप्प्यावर ठेवून दोन्ही कर्ण दोरीने मोजले. दोन मिमीहून जास्त फरक असेल तर क्लॅम्प थोडा तिरपा सरकवून तो काढायचा. हे गोंद ओला असतानाच करावं लागतं, नंतर स्टूल आयुष्यभर तीन पायांवर डुलतं.

वरच्या दोन्ही कडा ५ मिमी गोलाईने मारल्या. पूर्ण दंडगोल केला नाही, कारण गोलात उंची वाया जाते आणि तळव्याला एकच रेघ टोचत राहते. गुंतलेल्या रेषेमुळे रंध्याने जिथे खाचरे काढले तिथे काचेच्या तुकड्याने खरवडून मग १२०, १८० आणि २४० नंबरचा पॉलिश पेपर.

लेप

जाड चकचकीत वॉर्निश पायपट्टीवर टिकत नाही. ते वरच्या वर पापडीसारखं बसतं, पाय घासून मधोमध फाटतं, फटीतून घाम-पाणी शिरतं आणि पापडी सुटत जाते. जवसाच्या तेलाचा आग्रह धरणारे बरेच असतात. कोरड्या हवेत ते ठीक, कोकणात कच्च्या तेलावर श्रावणापर्यंत बुरशी धरते. शिवाय तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटू शकतात, हे वाचनालयासारख्या कागदाच्या कोठारात विसरून चालणार नाही. इथे मॅट पॉलियुरेथेनचे दोन अगदी पातळ हात दिले, पहिला थिनर वाढवून लाकडात मुरेल असा. दर वर्षी मेमध्ये २४० च्या कागदाने हलकं घासून एक हात. पायांच्या तळाला, जिथे लाकडाची उघडी टोकं पुसण्याचं पाणी ओढून घेतात, तिथे तीन हात आणि वर रबरी बूट.

पहिल्या वर्षात काय बिघडलं

दोन स्टुलं कुरकुरायला लागली. दोन्हींत खाच १२ ऐवजी साडेबारा मिमी झाली होती, ड्रिलचं बिट फिरताना हललेलं. गोंद अर्धा मिमीची फट भरून ताकद देत नाही. ती उघडून, गालाला बाभळीची पातळ चीप चिकटवून, पुन्हा तासून बसवावी लागली. एका पट्टीवर रुपयाएवढा काळा डाग उमटला. चुंबकातून सुटलेलं खिळ्याचं टोक आत निघालं. ते उकरून गुल्ली मारली, डाग राहिला. तिसरी तक्रार उंचीची होती, पण उलट बाजूने: उंच मुलांना ४४ सेंमी कमी वाटलं. कट्ट्याच्या टोकाकडच्या सहा स्टुलांच्या पट्ट्या ४७ सेंमीवर घेऊन तो प्रश्न मिटला, आणि त्या सहांच्या बैठकीखाली खडूने खूण केली.

एकही पट्टी मोडली नाही, पण वर्षभरात ती मोडणारही नव्हती. बघायचं होतं ते पृष्ठभागाकडे. मेमध्ये घासताना बऱ्याच पट्ट्यांच्या मधल्या भागातला लेप गेलेला होता आणि खालचं लाकूड गुळगुळीत, किंचित गडद. कागद फिरवायची गरज कडेच्या भागालाच जास्त पडली.

चार जादा पट्ट्या कपाटावर टांगून ठेवल्या आहेत, कुसू अर्धवट तासलेलं, १३ मिमी जाडीचं. पूर्ण मापाला ते आत्ता आणायचं नाही. ज्या स्टुलात बसवायच्या त्याची खाच मोजून, आणि शक्यतो दिवाळीनंतर.